अठ्ठावन्न किलो

त्या दिवशी आम्हाला फक्त चादरी पोचवायच्या होत्या. सकाळी दहाला निघायचं, डोंगरावरच्या दवाखान्यात धुतलेल्या चादरी उतरवायच्या, मळलेल्या चढवायच्या आणि दोनच्या आत घरी. निघताना मामी म्हणाली होती, "वेळेवर ये गं जेवायला. भाजी गार झाली की मला बोल लावू नकोस."

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. सुट्टीत मामाच्या लाँड्रीत घड्या घालायचे. मामाकडे येऊन मला दीड वर्ष झालं होतं. आई दुसऱ्या शहरात नर्स होती, तिच्या पाळ्यांचा काही भरवसा नसे, म्हणून मी इकडे. बाबा वारले होते, पण ते मी कोणाला सांगत नसे. "वडील काय करतात?" असं कोणी विचारलं, तर "असतात" म्हणायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत सटकायचे. हो, नाही, माहीत नाही, एवढ्यावर माझं सगळं भागायचं. वर्गात मला 'कुलूप' म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट सोयीचंच होतं ते.

गाडी चालवत होती ती लाँड्रीच्या ड्रायव्हरकाकांची मुलगी. एकोणीस वर्षांची. काकांची कंबर धरली होती आणि हिच्या हातात लायसन्स पडून तीन महिने झाले होते, त्यामुळे महिनाभर फेऱ्या तिच्याकडे. तिला सगळे 'भोंगा' म्हणत, आणि का म्हणतात ते गाडी गल्लीबाहेर पडायच्या आत कळायचं. ती बोलायला लागली की स्वल्पविरामसुद्धा घ्यायची नाही. इस्त्रीवाल्याला टक्कल पडतंय, तिच्या आत्याला जावई कसा मिळाला, गिअर कसा अडकतो, कुठला साबण कसा नाकाला झोंबतो... मी खिडकीबाहेर बघत "हं" म्हणत होते. तिला तेवढं पुरत होतं.

दवाखान्यात बारा बोचकी मिळाली. तिथल्या मावशी प्रत्येक बोचकं तोलून मगच देत. एकूण एकशे ऐंशी किलो, असं चिठ्ठीवर लिहून त्यांनी मागचं दार लावून दिलं. आम्ही उतरायला लागलो.

पायथ्याशी तिठा आहे. डावीकडे घर. उजवीकडे एक वाकलेली पाटी, तिच्यावर 'समुद्रकिनारा ६०'. भोंग्यानं गाडी थांबवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "समुद्र बघितलायस?"

"नाही."

"कधीच?"

"नाही."

ती जरा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिली. मग म्हणाली, "मीपण नाही. सगळ्यांना सांगते बघितलाय म्हणून. जायचं?"

माझ्या तोंडून "हो" निघालं. मी स्वतःच दचकले. तिनं मात्र मला विचार बदलायला उसंत दिली नाही. उजवीकडे वळली, आणि मामीची भाजी गार झाली.

दोन-अडीच तास मजेत गेले. खरंच मजेत. एका दुकानातून आम्ही बिस्किटं घेतली. तिथून घरी फोनही केला असता, पण भोंगा म्हणाली, "आता फोन केला तर ओरडा आत्ता खावा लागेल. घरी गेल्यावर एकदमच खाऊ." मला हसू आलं. मला हसताना बघून ती इतकी खूश झाली, की बिस्किटाचा पुडा माझ्याच मांडीवर ठेवून दिला.

मग दुसरा घाट लागला. चारच वाजले होते, पण वर चढत गेलो तसं धुकं उतरायला लागलं. आधी दरी गेली, मग कठडे गेले, मग समोरचा रस्ताही दहा हातांपलीकडे दिसेना. झाडंबिडं नव्हतीच. दोन्ही बाजूंना नुसता कापलेला दगड. भिजलेल्या दगडाच्या भुकटीचा वास कळतो ना? थंड, घशात बसणारा. तो वास गाडीत भरला. त्यातच इंजिन तापलं, बॉनेटमधून वाफा यायला लागल्या.

"झालं कल्याण," भोंगा म्हणाली.

तेवढ्यात धुक्यात एक पिवळा बल्ब दिसला. दगडाच्या खाणीचा वजनकाटा होता तो. ट्रक तोलायचा असतो तसा. रस्त्यालगत जमिनीत बसवलेली लोखंडी पाटी, तिच्या शेजारी एक खोली, खोलीला खिडकी आणि खिडकीत एक म्हातारा. अंगात जाड स्वेटर, नाकावर चष्मा, पुढ्यात वही.

"गाडी पाटीवरच घ्या," तो म्हणाला. "कडेला दरी आहे. आता ट्रक यायचे नाहीत."

आम्ही गाडी पाटीवर उभी करून खाली उतरलो. काटेवाल्या आजोबांनी पाण्याचा एक डबा दिला, वर एक कॅन भरून दिला. "हा सोबत न्या, पुढं लागेल. परत याल तेव्हा द्या." भोंगा रेडिएटरशी लागली. मी खिडकीपाशी उभी होते. आजोबांची नजर सवयीनं समोरच्या मोठ्या तबकडीकडे गेली. मग गाडीच्या दाराकडे, तिथं रिकाम्या गाडीचं वजन रंगवलेलं होतं. मग परत तबकडीकडे.

"मागं काय आहे?"

"चादरी," मी म्हटलं.

"किती?"

मी दवाखान्याची चिठ्ठी दाखवली. त्यांनी वहीच्या कोपऱ्यात बेरीज केली. पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बेरीज केली.

"पोरी, गाडीत कोण बसलंय?"

"कोणी नाही. आम्ही दोघीच."

"तुम्ही दोघी तर खाली उभ्या आहात," ते म्हणाले. "अठ्ठावन्न किलो जास्त दाखवतोय."

भोंगा हात पुसत आली. "काटा बिघडला असेल, आजोबा."

"काटा बिघडलेला नाही." त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. चिडका नव्हता, घाबरवणाराही नव्हता. घरातलं आजारपण सांगावं तसा होता. "किडकिडीत होता तो. तेवढाच भरायचा."

मग त्यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वी खाणीत दरड कोसळली. आत सातजण अडकले. अंधारात बाहेरून हाका मारत, आतून ओ येईल तिकडं खणत, दोन दिवसांत सहाजणांना जिवंत काढलं. सातवा माणूस मुळात कमी बोलणारा. कोणाला त्रास द्यायचा नाही असा स्वभाव. सहाजण आपापल्या जागेवरून ओरडत होते, तेव्हा तो गप्प राहिला असावा. "आपली बारी येईल तेव्हा काढतील, असं वाटलं असेल त्याला," आजोबा म्हणाले. "आम्हाला वाटलं, तो गेला. चौथ्या दिवशी सापडला. हातभर अंतरावर होता."

मी हातातल्या चिठ्ठीची घडी घालत राहिले.

"ज्या गाडीत माणसं गप्प बसलेली असतात, तिथं तो चढतो. त्याला तिथं जागा आहे असं वाटतं. वाईट नाही तो. पण गाडीत शांतता वाढत जाते, चालवणाऱ्याचे डोळे जड होतात, आणि खालच्या वळणांवर कठडा नाही. दोन गाड्या गेल्यात. मागं फिरू नका, तिकडचा उतार आणखी वाईट आहे. खाली वस्ती लागेपर्यंत बोलत राहा. काहीही बोला. फक्त गप्प बसू नका."

भोंगा हसली. कोरडंच हसली. "मग काळजी नाही आजोबा. ते काम माझ्याकडे."

मागचं दार उघडून बघायची आम्हा दोघींचीही छाती झाली नाही. त्या दाराला फक्त बाहेरून कडी होती, आणि कडी लागलेली होती.

आम्ही निघालो. पुढच्या बाकाच्या मागे पत्र्याची भिंत होती, तिला वहीएवढी जाळी. जाळीपलीकडे काळोख. भोंगा बोलत होती. सुरुवातीला जोरात, मग आणखी जोरात. तिच्या शाळेतल्या बाई, तिचा तुटलेला दात, शेजाऱ्यांची बकरी... गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत होती. मी जाळीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण वास येत होता. तोच, दगडाच्या भुकटीचा, आता मानेच्या मागून. आणि वळण आलं की मागे कोणीतरी तोल सावरत होतं. बोचकी घसरतात तसा आवाज नव्हता तो. पाय रोवल्याचा होता.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर भोंगा बोलता बोलता थांबली.

"...आणि ती बकरी सरळ आमच्या स्वैपाकघरात, आणि..."

बस. वाक्य तिथंच तुटलं. मी वाट बघितली. ती समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, वळण अवघड असेल. वळण गेलं. ती गप्पच. इंजिनचा आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा लांब गेला. मला छान वाटायला लागलं. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. इतकं शांत मला दीड वर्षात वाटलं नव्हतं. कोणी काही विचारत नाहीये, काही सांगायचं नाहीये...

"बरं वाटतं ना असं?" भोंगा म्हणाली. अगदी हळू. "नको बोलूस. राहू दे..."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते. डोळेही मिटत आले होते. आणि आवाज मागून आला होता, जाळीतून.

गाडी कडेच्या बाजूला सरकत होती.

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. दीड वर्ष गंजलेलं कुलूप ते. काय बोलायचं? बकऱ्या नव्हत्या माझ्याकडे, आत्याचे जावई नव्हते. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं.

"माझे बाबा वारले!" मी ओरडले.

भोंग्याचे डोळे उघडले. तिनं गर्रकन स्टिअरिंग फिरवलं. चाकाखालचे खडे दरीत गेले, ते खाली पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

"बोलत राहा," ती कशीबशी म्हणाली. "थांबू नकोस."

मग मी थांबलेच नाही. शाळेची सहल जाणार होती, समुद्रावर. बाबांनी नाही म्हटलं. तेव्हा घरात पैशांची जरा ओढाताण होती, पण ते मला नंतर कळलं. मी अबोला धरला. एक दिवस नाही, चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी बाबा कामाला निघाले, दाराशी थांबले. बूट घालून झाले होते तरी लेस सोडून पुन्हा बांधत होते. म्हणाले, "अजून नाही का गेला राग?" मला हसू येत होतं खरं तर. पण मी मान फिरवली. म्हटलं, संध्याकाळी बोलू. दुपारी बसमध्ये बसल्या बसल्याच ते गेले. शेजारच्या माणसाला वाटलं, झोप लागलीय.

"मी आईलासुद्धा सांगितलं नाही," मी म्हणत होते, आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सगळे म्हणतात, लाडकी होतीस तू त्यांची. मी त्यांच्याशी बोललेच नव्हते गं. चार दिवस..."

"अगं येडे," भोंगा म्हणाली. तीही रडत होती, आणि रडत रडत ब्रेक दाबत होती. "अगं, बापाला कळत नाही होय? ते लेस कशाला सोडून बांधत होते मग? तुला हसू येतंय हे दिसलं असणार त्यांना. माझ्या बापाला तर मी तोंड फिरवलं की पाठीवरूनसुद्धा कळतं."

असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं, मी सांगितलंच कुठं होतं?

धुकं थोडं विरळ झालं. मागे तो होताच. पण आता त्याची भीती वाटण्याऐवजी मला त्या हातभर अंतराची आठवण होत होती. मी जाळीकडे वळले. पहिल्यांदाच. अंधारात एक जरा दाट अंधार बसलेला होता, गुडघे पोटाशी घेऊन.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला कुठं उतरायचंय?"

उत्तर आलं नाही. किती वेळ गेला असेल कोण जाणे. रस्ता सपाट झाला. उजवीकडे एका रांगेत खाणकामगारांच्या बैठ्या खोल्या लागल्या. एका खिडकीत उजेड होता, कुठंतरी रेडिओ चालू होता.

पत्र्यावर थाप पडली. एकच. माणूस गाडी थांबवायला मारतो तशी.

भोंग्यानं ब्रेक मारला. मागची कडी सरकली. गाडीची मागची बाजू उचलल्यासारखी वर आली, आणि दार पुन्हा लागलं. आपटलं नाही. घरात कोणी झोपलं असेल अशा बेतानं लावलं. तिसऱ्या खोलीच्या ओट्यावर कुत्रं पडलं होतं, ते उठलं आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत शेपूट हलवायला लागलं.

आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून किती वेळ बसलो होतो, आठवत नाही. भोंगा आधी हसायला लागली की मी, तेही आठवत नाही. अंग हलकं झालं होतं, ताप उतरल्यावर होतं तसं.

दिवस बुडायच्या आत आम्ही समुद्रावर पोचलो. करडा, थोराड, आवाज करणारा. भोंगा त्याच्यासमोर पुरती पाच मिनिटं काही बोलली नाही, आणि बोलली ते एवढंच, "फारच मोठा आहे गं हा." किनाऱ्यावरच्या दुकानातून मी मामीला फोन केला. ती आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, "पोटात काही आहे का नाही?" त्यानंतर मी आईला फोन केला आणि अर्धा तास बोलले. चार दिवसांचं सगळं सांगितलं. आई म्हणाली, "त्यांनी त्या सकाळी मला ड्युटीवर फोन करून सांगितलं होतं. म्हणाले, आज संध्याकाळी बोलेल बघ ती." दुकानवाल्या बाईनं आम्हाला तिच्या मागच्या खोलीत झोपायला जागा दिली. बाबा गेल्यापासून इतकी गाढ झोप मला लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. कॅन परत द्यायचा होता, म्हणून आम्ही त्याच घाटानं आलो. आजोबा खिडकीतच होते. चांगले जिवंत, चहा पीत. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. गाडी पाटीवर घ्यायला लावली, बेरीज केली आणि म्हणाले, "बरोब्बर. एक किलो इकडं नाही की तिकडं नाही."

आम्ही सगळं सांगितलं. मी काका म्हटलं ते, थाप पडली ते, कुत्र्याचं. ते डोळे पुसत ऐकत होते. "तिसरी खोली त्याचीच होती," म्हणाले. "इतक्या वर्षांत विचारलं नाही कोणी त्याला. बरं केलंत, पोरींनो. फार बरं केलंत."

"पण आजोबा, काल मी मेलेच असते हिच्यामुळं," भोंगा मला कोपर मारत म्हणाली. "मी आपली बोलतेय, आणि ही म्हणते, गप्प बस ना गं आता, किती बोलशील. मला इतकं लागलं ते! म्हणून तर गप्प झाले मी."

"मी कुठं म्हटलं?" मी म्हणाले. "मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. उलट मागून तुझ्या आवाजात..."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. भोंगा हळूच म्हणाली, "म्हणजे... तो काकाच बोलला तर. आपल्या आवाजात."

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तो?" ते म्हणाले. "तो एवढी वर्षं कितीतरी गाड्यांत बसला. कधी शब्द नाही काढला त्यानं. बोलता आलं असतं तर तेव्हाच ओ दिली नसती? हे दुसरंच काहीतरी बोललं."

खिडकीतून वाकून त्यांनी वरच्या कापलेल्या कड्याकडे बघितलं. ऊन होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं, कड्यावर काही नव्हतं.

"जा," ते म्हणाले. "आता निघा. बोलत जा."

त्यांनी खिडकी आतून लावून घेतली. खिट्टी बसल्याचा आवाज आला. भोंगा गाडीत चढली, मी चढले. तिनं चावी फिरवायला हात पुढं केला आणि तसाच ठेवला, कारण बंद खिडकीमागून आजोबांचा आवाज यायला लागला होता. त्या खोलीत ते एकटेच होते. वहीतली जुनी पानं काढून ते ट्रकांचे नंबर वाचत होते, एकामागून एक, मोठमोठ्यानं, मध्ये श्वासही न घेता.